नोंदवही बदलली की संस्थाही बदलते

सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या अक्कलकुवा तालुक्यात स्वस्त धान्य दुकानासमोरची रांग ही काही नवी गोष्ट नव्हे. नवे आहे ते दुकानदाराच्या टेबलावरील ई-पॉस यंत्र. पूर्वी दुकानदार जाडजूड नोंदवही उघडून शिधापत्रिकाधारकाचे नाव शोधत असे, दिलेले किलो लिहीत असे आणि समोर सही किंवा अंगठा घेत असे. आजही अंगठा तोच आहे. फक्त तो शाईत बुडत नाही, काचेवर टेकतो. वरवर पाहता बदल एवढाच. प्रत्यक्षात मात्र या काचेमुळे दुकानदार, तहसील कार्यालयातील पुरवठा शाखा, शासकीय गोदाम आणि मंत्रालय यांच्यातील नातेच बदलून गेले आहे.

संगणक म्हणजे वेग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जे काम आठवडाभर चाले ते तासाभरात झाले, की संगणकीकरण यशस्वी झाले असे आपण मानतो. परंतु कोणतीही माहिती प्रणाली एखाद्या संस्थेत शिरते तेव्हा ती केवळ कामाचा वेग वाढवीत नाही. माहिती कोणाकडे राहणार, निर्णय कोण घेणार आणि चूक झाली तर ती कोण दुरुस्त करणार, या तीन प्रश्नांची जुनी उत्तरे ती मोडीत काढते आणि नवी उत्तरे ठरवून टाकते. मुंबईतील शेअर बाजार असो, वारणानगरचा साखर कारखाना असो की अक्कलकुव्यातील रेशन दुकान. हा नियम सगळीकडे सारखाच लागू पडतो.

माहिती प्रणाली म्हणजे काय?

माहिती गोळा करणे, साठविणे, तिच्यावर प्रक्रिया करणे आणि ती योग्य व्यक्तीपर्यंत योग्य वेळी पोहोचविणे, या कामांसाठी एकत्र बांधलेली माणसे, कार्यपद्धती, नोंदी आणि साधने यांच्या समुच्चयाला माहिती प्रणाली म्हणतात. संगणक हा तिचा एक भाग आहे, सर्वस्व नव्हे. मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवसायात डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे आणि अंक हीच माहिती प्रणाली होती. डबा कोणत्या स्थानकावरून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरायचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर न्यायचा, हे सारे त्या खुणांत सामावलेले असे. ग्राहकाचे नाव वा पत्ता लिहिण्याची गरजच नव्हती. खूण सर्वांना वाचता येत असल्याने वरिष्ठाला विचारण्याचीही गरज नव्हती. म्हणूनच या संघटनेत अधिकाऱ्यांची उतरंड वाढली नाही. संघटनेचा आकार तिच्या नोंदीच्या पद्धतीतून घडतो, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

मोठ्या संस्थांत माहिती प्रणालीचे साधारणतः तीन स्तर मानले जातात. सर्वांत खालचा स्तर रोजच्या व्यवहारांच्या नोंदीचा. रेशनच्या बाबतीत अमुक कार्डावर अमुक तारखेला इतके किलो गहू व तांदूळ दिला, ही ती नोंद. दुसरा स्तर मधल्या व्यवस्थापनाचा. तालुक्यातील कोणत्या दुकानात किती धान्य उचलले गेले आणि किती शिल्लक राहिले, हा अहवाल त्या स्तरावर तयार होतो. तिसरा स्तर धोरणाचा. पुढील महिन्यात कोणत्या तालुक्याला किती नियतन द्यावे, कोणत्या योजनेवर भर द्यावा, हे तेथे ठरते. कागदाच्या काळात या तीन स्तरांमध्ये दिवसांचे आणि महिन्यांचे अंतर असे. ते अंतर नाहीसे झाले, की मधल्या स्तरावरील माणसांचे काम काय, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न नवा नाही. हॅरॉल्ड लेविट आणि थॉमस व्हिस्लर या दोन अभ्यासकांनी १९५८ मध्येच ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात असे भाकीत केले होते, की नव्या तंत्रामुळे मधल्या फळीतील व्यवस्थापकांचे महत्त्व घटेल आणि निर्णय वरच्या पातळीवर एकवटतील. ‘माहिती तंत्रज्ञान’ हा शब्दप्रयोगही त्याच लेखातून रूढ झाला. पुढे १९८५ मध्ये मायकेल पोर्टर आणि व्हिक्टर मिलर यांनी माहिती हे स्पर्धेतील शस्त्र कसे ठरते याची मांडणी केली. त्यानंतर तीन वर्षांनी शोशाना झुबॉफ यांनी आणखी एक बाजू पुढे आणली. यंत्र केवळ माणसाचे काम करीत नाही, तर प्रत्येक कामाची नोंदही निर्माण करते. आणि ती नोंद कोणाला पाहता येते यावर संस्थेतील सत्ता ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बँक आणि शेअर बाजार

भारतात या बदलाला प्रथम तोंड द्यावे लागले ते विमा आणि बँक क्षेत्राला. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील संगणकाला कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. नोकऱ्या जातील ही भीती त्यामागे होती. बँकांतही तेच घडले. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांच्या १९८४ व १९८९ मधील अहवालांनंतर बँकांच्या संगणकीकरणाला दिशा मिळाली. आरंभी शाखांमध्ये जी यंत्रे आली ती ‘लेजर पोस्टिंग यंत्रे’ या सौम्य नावाने ओळखली जात. त्यांनी जुन्या खातेवहीचे काम तेवढे हाती घेतले. संस्था होती तशीच राहिली.

खरा बदल झाला तो त्यानंतर दीड-दोन दशकांनी, ‘कोअर बँकिंग’ प्रणाली आली तेव्हा. तोपर्यंत ग्राहक हा शाखेचा असे. खातेवही शाखेत, सहीचा नमुना शाखेत आणि म्हणून पैसेही शाखेतच. सर्व शाखांची खाती एका मध्यवर्ती संगणकावर गेली आणि ग्राहक शाखेचा न राहता बँकेचा झाला. परिणामी शाखा व्यवस्थापकाच्या अधिकारांचे स्वरूप बदलले, कर्जमंजुरीचे निर्णय प्रादेशिक कार्यालयांकडे सरकले आणि शाखा हे हिशेबाचे ठिकाण न राहता विक्रीचे ठिकाण बनले. याच प्रणालीमुळे शाखा नसलेल्या गावातही बँक पोहोचविणे शक्य झाले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये व्यवसाय प्रतिनिधी नेमण्यास परवानगी दिली आणि पुढे ‘बँक मित्र’ या नावाने हे प्रतिनिधी खेडोपाडी दिसू लागले. सातपुड्याच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाला दोनशे रुपये काढण्यासाठी बाजाराच्या गावी जाऊन दिवस मोडावा लागू नये, ही त्यामागील कल्पना.

व्यवसायाची व्यूहरचना माहिती प्रणालीमुळे कशी उलटीपालटी होते, याचे ठळक उदाहरण मुंबईतच घडले. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात दलाल रिंगणात उभे राहून ओरडून सौदे करीत. भाव काय चालला आहे हे रिंगणातील माणसालाच ठाऊक असे आणि तीच त्याची कमाई होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने समभागांचे संगणकाच्या पडद्यावरील व्यवहार सुरू केले. उपग्रहामार्फत जोडलेल्या गावोगावच्या दलालांना एकच भाव एकाच क्षणी दिसू लागला. जुन्या बाजाराला मार्च १९९५ मध्ये ‘बोल्ट’ ही स्वतःची प्रणाली सुरू करावी लागली. पण वर्षभरातच नव्या बाजाराने उलाढालीत आघाडी घेतली. शंभराहून अधिक वर्षांची प्रतिष्ठा, ओळखी आणि दलाल स्ट्रीटवरील जागा यांचे मोल एका पडद्याने कमी केले. जी माहिती मूठभरांकडे होती ती सर्वांना मिळाली आणि त्याबरोबर मूठभरांचा अधिकारही संपला.

वारणेचा धडा

ग्रामीण महाराष्ट्रातील माहिती प्रणालीचा सर्वांत गाजलेला प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचा. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या या सहकारी समूहाच्या परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारचे राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्र, राज्य सरकार आणि वारणा समूह यांचा तो संयुक्त उपक्रम होता. गावोगावी संगणक केंद्रे उभारून शेतकऱ्याला पिकांची माहिती, बाजारभाव, शासकीय योजना, प्रमाणपत्रे असे सारे काही देण्याचा संकल्प होता.

प्रत्यक्षात ही केंद्रे टिकली ती एका वेगळ्याच कामामुळे. ऊस उत्पादकाला कारखान्याकडून तीन गोष्टी कळणे महत्त्वाचे असते: आपल्या उसाची नोंद कोणत्या तारखेची लागली, तोडणीचा क्रम केव्हा येणार आणि वजनकाट्यावर किती टन भरले. या माहितीसाठी पूर्वी कारखान्याच्या कार्यालयात खेटे घालावे लागत किंवा चिटबॉयच्या शब्दावर विसंबावे लागे. गावातील संगणकावर हीच माहिती मिळू लागली आणि शेतकऱ्याची फेरी वाचली. कारखान्यालाही खतांचा हिशेब आणि तोडणीचे नियोजन सोपे झाले. बाजारभाव आणि इतर सेवा मात्र फारशा वापरात आल्या नाहीत.

या प्रकल्पाचा पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्राने २००६ नंतर येथील सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातील संगणकाची जागा साध्या मोबाइलने घेतली आणि शेतकऱ्याला हवी ती नोंद एसएमएसद्वारे मिळू लागली. संगणक, वीज, दुरुस्ती आणि दूरध्वनीच्या तारेचा खर्च वाचला. शेतकऱ्यांनाही हा मार्ग अधिक सोयीचा वाटला. धडा असा, की प्रणालीचा उपयोग तिच्यात किती महाग यंत्रे बसविली यावर ठरत नाही. समोरच्या माणसाला नेमकी कोणती माहिती हवी आहे आणि ती आजवर कोणाच्या मुठीत होती, यावर तो ठरतो.

टेंभली ते अक्कलकुवा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचे नाव देशाच्या माहिती प्रणालींच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले ते २९ सप्टेंबर २०१० रोजी. त्या दिवशी शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासीबहुल गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. ज्यांच्याकडे ओळखीचा कोणताच धड कागद नाही, अशांना ओळख मिळावी, हा त्यामागील विचार होता. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या घरात होती, त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते आणि साक्षरता राज्यात सर्वांत कमी होती. सुरुवातीसाठी हा जिल्हा निवडला गेला यात म्हणूनच नवल नाही.

बारा आकड्यांचा हा क्रमांक एरवी काहीच करीत नाही. तो इतर प्रणालींना जोडला जातो तेव्हा त्याची ताकद दिसते. महाराष्ट्रात राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला ५ किलो धान्याचा हक्क मिळाला. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. दरम्यान शिधापत्रिकांच्या नोंदी संगणकावर आल्या, त्यांना आधार क्रमांक जोडले गेले आणि २०१७ च्या सुमारास राज्यभर ई-पॉस यंत्रे बसू लागली.

या बदलाने व्यवस्थेत काय घडविले, ते नीट पाहण्यासारखे आहे. पूर्वी तहसील कार्यालयाला एवढेच ठाऊक असे, की अमुक दुकानाला गोदामातून इतके क्विंटल धान्य गेले. ते पुढे कोणाच्या घरी गेले, हे केवळ दुकानदाराच्या नोंदवहीला ठाऊक. कामानिमित्त गावाबाहेर गेलेल्या कुटुंबाचे धान्य ‘उचलले’ असे लिहून टाकणे अवघड नव्हते. पुरवठा निरीक्षकाची तपासणी म्हणजे नोंदवही आणि शिल्लक पोती यांचा मेळ घालणे. आज प्रत्येक व्यवहार त्याच क्षणी वर पोहोचतो. दुकानात किती शिल्लक असायला हवी हे निरीक्षकाला कार्यालयात बसून दिसते. दुकानदाराकडील ज्ञान वर सरकले आणि त्याबरोबर त्याचा अधिकारही आक्रसला. दुकानदार हा धान्याचा छोटा धनी होता. तो आता यंत्राच्या आज्ञेप्रमाणे माप घालणारा वितरक झाला आहे.

सीमेपलीकडचे धान्य

माहिती वर सरकली तसा अधिकाराचा काही भाग खालीही सरकला. नोंद एका दुकानाच्या वहीत न राहता मध्यवर्ती ठिकाणी असल्याने कार्डधारकाला कोणत्याही दुकानातून धान्य घेता येऊ लागले. ९ ऑगस्ट २०१९ रोजी दोन राज्यांमधील अशा सुविधेची चाचणी सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या जोड्यांपैकी एक होती महाराष्ट्र आणि गुजरात. १ जानेवारी २०२० पासून बारा राज्ये आणि २०२२ च्या मध्यापर्यंत सारा देश ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत आला.

शहरी वाचकाला ही तांत्रिक सुधारणा वाटेल. अक्कलकुव्याच्या दृष्टीने तिचा अर्थ फार मोठा आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावरील या गावातून गुजरात हाकेच्या अंतरावर. पावसाळा संपला की ऊसतोडीसाठी, बांधकामासाठी, शेतमजुरीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे जातात. कार्ड गावच्या दुकानाशी बांधलेले असताना स्थलांतर म्हणजे कित्येक महिन्यांच्या धान्यावर पाणी सोडणे होते. आता तेच कार्ड सीमेपलीकडे चालते. घरी राहिलेल्या वृद्धांनी आपला वाटा गावात आणि कामावर गेलेल्यांनी आपला वाटा तिकडे घ्यावा, अशीही सोय आहे. राज्याची सीमा ओलांडताना हक्क गळून पडत नाही, हे केवळ नोंदीची जागा बदलल्याने साधले.

मात्र येथे एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. दुकान निवडण्याचे स्वातंत्र्य तेथेच खरे, जेथे जवळपास दोन दुकाने आहेत. मुंबई-पुण्यात एका दुकानदाराची वागणूक पटली नाही तर दुसऱ्या गल्लीतील दुकान गाठता येते. मोलगीच्या पलीकडे, डोंगरातील पाड्यांवर राहणाऱ्याला दुसरे दुकान म्हणजे आणखी एक डोंगर. संगणकाने स्पर्धेची सोय केली; वाटेची सोय त्याला करता आली नाही.

यंत्र ‘नाही’ म्हणते तेव्हा

प्रणालीची खरी परीक्षा ती चुकते तेव्हा होते. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. सातपुड्यातील अनेक पाड्यांवर मोबाइलचे जाळे विरळ असल्याने यंत्र आणि मध्यवर्ती संगणक यांची गाठच पडत नाही. कधी नाव एका नोंदीत एक आणि दुसऱ्या नोंदीत वेगळेच असते. भिली, पावरी वा देहवली बोलणाऱ्या कुटुंबातील नावे मराठी आणि इंग्रजी टंकलेखनातून जाताना बदलतात आणि संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न माणसे ठरतात.

नोंदवहीच्या काळात दुकानदार नकार देई तेव्हा त्याच्याशी भांडता येत असे. गावातील चार माणसे साक्षीला उभी राहत. आता दुकानदारच हात वर करून सांगतो, की यंत्र घेत नाही. यंत्राशी भांडायचे कसे आणि साक्ष कोणापुढे काढायची? निर्णय दुकानातून उठून गेला. परंतु तक्रार घेऊन येणारा माणूस अजून दुकानाच्या दारातच उभा आहे. माहिती वर सरकते तेव्हा दुरुस्तीचा अधिकार खाली ठेवावा लागतो, अन्यथा शिस्तीचा भार दुबळ्यावरच पडतो.

याची जाणीव कायद्यात नाही असे नव्हे. २०१६ च्या आधार कायद्यात क्रमांक नसलेल्यासाठी ओळखीच्या पर्यायी मार्गाची तरतूद आहे. केंद्रीय अन्न मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना स्पष्ट कळविले, की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये; अशा वेळी वेगळ्या नोंदवहीत नोंद करून धान्य द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कल्याणकारी योजनांसाठी आधारचा वापर ग्राह्य धरला. त्याच वेळी खासगी कंपन्यांना करारापोटी आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. तरीही पर्याय कागदावर असणे आणि तो दुकानाच्या दारात मिळणे यांत अंतर उरते. झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. ठशाची सक्ती झाली त्या टप्प्यात गळती सरासरीने घटली नाही, उलट कार्डाला आधार न जोडलेल्या कुटुंबांना मिळणारे धान्य कमी झाले. नंतर शिल्लक साठ्याचा हिशेब कडक केला तेव्हा गळती आटली, पण गरजूंचे धान्यही त्याबरोबर घटले.

आकडा हेच धोरण

माहिती प्रणाली संस्थेचे अग्रक्रमही ठरविते. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तत्कालीन उस्मानाबाद या चार जिल्ह्यांचा समावेश झाला. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलसंपदा, आर्थिक समावेशन व कौशल्य आणि पायाभूत सुविधा या पाच विषयांतील ४९ निर्देशकांची माहिती जिल्ह्यांनी भरायची आणि दरमहा झालेल्या सुधारणेनुसार क्रमवारी लावायची, अशी ही योजना. आरोग्य आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के भार देण्यात आला.

याचा लाभ उघड आहे. एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या जिल्ह्याकडे दिल्लीचे लक्ष जाते, विविध खात्यांना एका टेबलावर बसावे लागते. परंतु जे मोजले जाते तेच महत्त्वाचे ठरते, हा धोकाही त्यातच आहे. अंगणवाडी सेविकेला बालकाचे वजन घेणे आणि त्याची नोंद भ्रमणध्वनीवर भरणे ही दोन कामे असतात. वेळ अपुरा पडला तर ज्याची विचारणा वरून होते ते काम आधी होते. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी छायाचित्रासह मोबाइल ॲपवर घेणे सक्तीचे झाले, तेव्हा जाळे नसलेल्या ठिकाणी मजुराने दिवसभर केलेल्या खोदकामापेक्षा त्याचे छायाचित्र वर चढले की नाही, याला अधिक महत्त्व आले. बनावट हजेरीला आळा घालण्याचा हेतू योग्यच होता; पण पुरावा हा कामाहून मोठा होऊन बसला.

प्रणाली निवडताना

सरकारी योजना, सहकारी संस्था, बँक वा खासगी उद्योग. सर्वांच्या अनुभवातून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीपासून मोठ्या कारखान्यापर्यंत कोणालाही त्या उपयोगी पडाव्यात.

* नवी प्रणाली आणण्यापूर्वी सध्याची माहिती प्रत्यक्षात कोणाकडे आहे, हे शोधावे. ती अनेकदा फायलीत नसते; जुन्या कारकुनाच्या, मुकादमाच्या किंवा चिटबॉयच्या डोक्यात असते. तिची नोंद न घेता यंत्र बसविले तर जुनी व्यवस्था जाते आणि नवी उभी राहत नाही.

* कोणाचा अधिकार कमी होणार आहे, हे आधीच ओळखावे. विरोध बहुधा यंत्राला नसतो; जाणाऱ्या अधिकारासाठी आणि नोकरीसाठी असतो. त्याची उत्तरे तंत्रज्ञाने नव्हे, व्यवस्थापनाने द्यायची असतात.

* वापरणाऱ्याला काय मिळणार, हे स्पष्ट असावे. वारणेच्या शेतकऱ्याला उसाचे वजन कळत होते म्हणून तो संगणकापर्यंत आला. ज्या प्रणालीत खालचा माणूस केवळ माहिती भरतो आणि वरचा केवळ पाहतो, तिच्यातील नोंदी हळूहळू खोट्या होत जातात.

* जाळे, वीज आणि यंत्र यांपैकी काहीही बंद पडले तर काम कसे चालेल, याचा कागदी मार्ग खुला ठेवावा. पर्यायी नोंदवही ठेवणे हे मागासलेपणाचे लक्षण नव्हे.

* चूक दुरुस्त करण्याचा अधिकार चूक जेथे घडते त्याच्या शक्य तितक्या जवळ असावा. नावातील एका अक्षरासाठी माणसाला पाड्यावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून जिल्ह्याला जावे लागत असेल, तर त्या प्रणालीचा खर्च चुकीच्या माणसाच्या खिशातून वसूल होत आहे असे समजावे.

यातील शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना मोबाइलवरील एखाद्या ॲपने ‘व्यवहार अयशस्वी’ असे सांगितले की चिडचिड होते. पुन्हा एकदा बटण दाबून आपण पुढे जातो. अक्कलकुव्याच्या दुकानात काचेवर तिसऱ्यांदा अंगठा टेकविणाऱ्या वृद्धेसाठी तोच शब्द महिन्याच्या धान्याचा असतो. देशातील पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यात दिला गेला, तेव्हा ज्याला कोणी ओळखत नाही त्याला ओळख देण्याचे वचन दिले गेले होते. ते पाळले गेले की नाही, हे किती कोटी क्रमांक वाटले यावर ठरणार नाही. अंगठा जुळला नाही तरी तिची पिशवी रिकामी परत जात नाही, याची काळजी घेणारे कोणीतरी त्या दारात आहे की नाही, यावर ते ठरेल.